डबल बेल

एसटीच्या गाडीत हुकूम दोनच. घंटी एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. गेली तेवीस वर्षं मी या दोन हुकमांवर जगतो आहे. निघायला उशीर झाला तर तो कंडक्टरचा, लवकर निघालो तर तेही त्याच्याच माथी. इतकं निर्दोष आयुष्य फार थोड्या पुरुषांच्या वाट्याला येतं. सवय अशी अंगात मुरली आहे की लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारचा उठल्याशिवाय मला उठायचं सुचत नाही.

अशा माणसाच्या डोक्यात स्वतःचा ट्रक घेऊन स्वतःच चालवायचा किडा शिरला, हे ऐकून डेपोतले लोक हसले. घरचे हसले नाहीत. ते जास्त वाईट होतं.

किड्याचा जन्म संपात झाला. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस आमचा संप सुरू झाला. चार दिवसांत मिटेल असं म्हणता म्हणता दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा गेला. गाड्या पूर्ववत धावायला एप्रिल २०२२ उजाडला. मधल्या काळात कुणी भाजी विकली, कुणी गवंड्याच्या हाताखाली गेला, आणि ज्यांच्या खिशात जड वाहनाचं लायसन होतं ते बहुतेक ट्रकवर चढले. आमच्या गल्लीत अण्णांच्या दोन दहाचाकी आहेत. अण्णा म्हणाले, ‘‘घरात बसून काय करतोस? खेपेला पैसे देतो. डिझेल ठरवून देणार. वाचलं तर तुझं.’’

‘‘आणि कमी पडलं तर?’’

‘‘तेही तुझंच.’’

सांगलीहून हळद भरून बंगळूरला जायचं होतं. वर्षानुवर्षं माणसं वाहिलेल्या माणसाला माल म्हणजे विश्रांती वाटते. पोती सुट्ट्या पैशांवरून भांडत नाहीत, खिडकीसाठी रुमाल टाकत नाहीत, ‘जरा पुढं घ्या, आमची म्हातारी तिथं उतरती’ म्हणत नाहीत. पण भरायला उभा राहिलो तेव्हा फरक कळला. प्रवासी स्वतःच्या पायांनी चढतो, स्वतःच्या पायांनी उतरतो आणि वर तिकिटाचे पैसे देतो. हळदीला चढायला हमाल लागतात, उतरायला दुसरे हमाल लागतात, आणि दोन्हीकडे पैसे गाडीवाल्याच्या खिशातून जातात. हमाली वेगळी, वाराई वेगळी. वाराई नक्की कशाची, हे मी तिघांना विचारलं. तिघांनी तीन उत्तरं दिली आणि पैसे मात्र एकच रक्कम सांगून घेतले.

शिवाय प्रवासी भिजायला लागला तर खिडकी ओढून घेतो. हळद भिजायला लागली तर काही करत नाही. निपाणीच्या पुढं अवेळी पाऊस आला. रात्री साडेअकरा वाजता, ट्रकच्या टपावर, दातांत बॅटरी धरून मी ताडपत्रीशी झुंजत होतो. किन्नर नव्हता. किन्नराचा पगार अण्णांना परवडत नव्हता, म्हणून किन्नरही मीच होतो. ताडपत्री ही वस्तू खाली गोदामात पसरली तर गाडीपेक्षा मोठी असते आणि वर पावसात नेली की हातभर कमी पडते. रस्सा आवळून खाली उतरलो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालो होतो. लग्नानंतर दुसऱ्यांदा अंगाला हळद लागली. पहिल्या वेळीही मी मालक होणार, अशी लोकांनी माझी समजूत करून दिली होती.

बंगळूरला माल खाली झाला आणि खरा धंदा तिथं सुरू झाला. ट्रकवाल्याच्या जगात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, परतीचा माल मिळण्यात मोजतात. एसटी रिकामी असली तरी ठरल्या वेळी सुटते. सहा प्रवासी असले काय आणि साठ असले काय, मला त्याचं सुतक नसतं. ट्रक रिकामा आणला तर डिझेल आणि टोल आपल्या पदरचा. म्हणून थांबायचं. यशवंतपूरच्या बाजूला मी तीन दिवस थांबलो. रोज सकाळी दलालाच्या टपरीत जायचं. टेबलावर चार फोन, भिंतीवर व्यंकटेश, आणि दलालाचा एकच शब्द: ‘‘नाळे.’’ म्हणजे उद्या.

पूर्वी बंगळूरकडे रात्री दार ठोठावणाऱ्या एका भुताची अफवा होती. लोक दारावर ‘नाळे बा’ असं लिहून ठेवायचे. ‘उद्या ये.’ भूत ते वाचायचं, परत जायचं, दुसऱ्या रात्री यायचं, पुन्हा वाचायचं. ही गोष्ट मला तिथल्या एका ड्रायव्हरनं स्टोव्हवर भात शिजवता शिजवता सांगितली. तो मूळचा विजापूरकडचा, मराठी आपल्यासारखं बोलणारा, आणि स्वतःच्या गाडीचा मालक. मी म्हटलं, ‘‘मग आपण भूतच की.’’ तो म्हणाला, ‘‘भुताला हप्ता नसतो.’’

तिसऱ्या दिवशी चाकणच्या कारखान्याचा माल मिळाला, येतानाच्यापेक्षा कमी भाड्यात. दलालानं कमिशन कापून घेतलं, ॲडव्हान्स हातावर ठेवला आणि उरलेलं भाडं माल पोचल्यावर, असं सांगितलं. ‘पोचल्यावर’ हा शब्दही ‘नाळे’चाच चुलत भाऊ निघाला.

आणि मग तो उतार आला. साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत महामार्ग सारखा उतरत जातो. तिथं झालेले अपघात सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. गाडी न्यूट्रल करू नका म्हणून पोलीस कानीकपाळी ओरडतात. मी एसटीचा माणूस. आमच्याकडेही डिझेलचा हिशेब असतो, दहा लिटरला किती किलोमीटर गेली याचा आकडा; तो घसरला की साहेब बोलावून घेतात. पण साहेब बोलतात आणि आपण ऐकतो, यापलीकडे त्यात काही घडत नाही. इथं मात्र वाचलेलं डिझेल माझं होतं. बोगद्यातून बाहेर आलो, समोर पुण्याचे दिवे पसरलेले, आणि माझ्या आत कुणीतरी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

‘‘न्यूट्रल कर.’’

‘‘गाडी भरलेली आहे.’’

‘‘म्हणूनच सांगतोय. इथून पार खालपर्यंत फुकट जाईल.’’

‘‘गाडी फुकट जाईल, आणि मीही फुकट जाईन.’’

तो गप्प बसला. मी गिअरमध्येच, ब्रेकवर पाय सांभाळत खाली आलो. पुढं एका मेकॅनिकनं समजावलं की आताच्या इंजिनात गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल आपोआप बंद होतं; न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं जळतच राहतं. आणि इंजिनच बंद केलं तर स्टेअरिंग लोखंडासारखं जड होतं, ब्रेकची हवा भरायची थांबते. म्हणजे लोक जीव धोक्यात घालून डिझेल वाचवत नाहीत, वर जास्त जाळतात. असो. पण त्या रात्री माझ्या आत जो बोलला होता, तो मालक होता. माझ्याकडे गाडी नव्हती, पण मालक तयार झाला होता. आधी खोगीर आणि मग घोडा, असा तो प्रकार.

संप मिटला, मी पुन्हा खाकीत शिरलो, घंटीवर चालू-बंद होऊ लागलो. मालक मात्र आतून गेला नाही. बस चालवताना शेजारून ट्रक गेला की हा त्याच्या मागची पाटी वाचायचा. आपल्याकडे व्यापारी गाड्यांमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला २०१५ साली बंदी आली. लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. तरी आपल्या ट्रकमागे काय लिहायचं, हे मालकाचं आधीच ठरलं होतं. फक्त ते लिहायला ट्रक नव्हता.

तो योग मेव्हण्यानं जुळवून आणला. २२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच संध्याकाळी मेव्हणा पेढे घेऊन हजर. जणू ट्रक त्यानंच स्वस्त केला होता.

‘‘दाजी, आता नाही तर कधीच नाही.’’

‘‘अरे, दहा टक्के कमी झाले तरी नवी दहाचाकी आपल्या आवाक्यात येती का?’’

‘‘नवी कोण घ्या म्हणतंय? नवी स्वस्त झाली म्हणजे जुनी आपोआप पडली. जुनी घ्या.’’

या मेव्हण्यानं आजवर तीन धंदे केले. प्रत्येक धंद्यात त्याचं तर्कशास्त्र अचूक होतं आणि भांडवल दुसऱ्याचं होतं. गाडी बघायला जाताना त्यानं मला वाटेत शिकवलं: ‘‘काही कळत नसलं तरी गाडीजवळ गेल्या गेल्या पहिला प्रश्न टाकायचा. टायर किती टक्के आहेत? समोरच्याला वाटतं, माणूस धंद्यातला हाय.’’

गाडी एका ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत उभी होती. दलालानं हात जोडले. मी म्हटलं, ‘‘टायर किती टक्के आहेत?’’

‘‘सत्तर,’’ तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, ‘‘पुढचे.’’

मागच्या आठांविषयी विचारलं तर त्यानं गाडीच्या स्वभावाकडे विषय वळवला. एकहाती गाडी. मालकानं पोटच्या पोरासारखी सांभाळलेली. मी वाकून खाली बघितलं तर एका बाजूचे पाटे बसलेले, चासीला एका जागी वेल्डिंगचा जाड पट्टा. पोटच्या पोराला इतकं मारणारा बाप मी तरी पाहिला नव्हता. केबिनमध्ये चढलो तर मासळीचा वास. ‘‘धुतली की जाईल,’’ दलाल म्हणाला. किलोमीटरचा काटा तीन लाखांवर थांबला होता. किती दिवसांपूर्वी थांबला, हे त्यालाही आठवत नव्हतं.

पण मी सीटवर बसलो. स्टेअरिंगवर हात ठेवला. आणि खरं सांगतो, मासळीच्या वासासकट मला ती गाडी आवडली. एसटीत माझ्या डोक्यामागे ‘चालकाशी बोलू नये’ लिहिलेलं असतं. इथं माझ्याशी बोलायला कुणी नव्हतंच. समोर काच, काचेपलीकडे उसाचं रान, आणि डेपोत परत यायची वेळ कुणी ठरवून दिलेली नाही. तेवढ्यात मेव्हण्यानं खालून दारावर दोनदा थाप मारली. माझा पाय आपसूक क्लचवर गेला.

किंमत साडेचौदा लाख. अडीच आपण घालायचे, बारा लाख कर्ज, व्याज पंधरा टक्के, मुदत चार वर्षं. कर्जवाला माणूस इतका मऊ बोलला की मला वाटलं, हा पैसे परत मागायला लाजेल. हप्ता ३३,३९७ रुपये. म्हणजे १२ लाख घ्यायचे आणि १६ लाख ३ हजार द्यायचे. मेव्हणा म्हणाला, ‘‘चार वर्षांनी गाडी तुमची.’’ मी त्या गाडीकडे बघितलं. चार वर्षांनी ती कुणाची तरी असेल का, याविषयी मला शंका होती.

घरी आलो. आमच्या घरात बचत गटाची वही असते. चौदा बायकांच्या कर्जाचा हिशेब त्या वहीत आहे आणि वही आमच्या सौभाग्यवतीच्या हातात. तिनं एका रुपयाचीही थकबाकी आजवर सोडलेली नाही. एका बाईचा हप्ता राहिला तेव्हा तिच्या दारात सकाळी सहापासून जाऊन बसली होती, आणि तिथंच चहा घेऊन हप्ताही घेऊन आली. तिनं नवं पान उघडलं, मधोमध रेघ मारली आणि विचारलं, ‘‘सांगा. एका खेपेचं.’’

मी सांगत गेलो. बंगळूरचं जाण्याचं भाडं ३४ हजार, येण्याचं २६. डाव्या बाजूला ६० हजार. मी छाती पुढं काढली. मग उजवी बाजू. जाऊन-येऊन १,३०० किलोमीटर, लिटरला चार, म्हणजे ३२५ लिटर. नव्वद रुपयांनी २९,२५०. टोल आठ हजार. हमाली, वाराई, दलाली पाच. जेवणखाण, पार्किंग आणि वाटेत ज्याचा हिशेब वहीत लिहीत नाहीत ते, मिळून तीन.

‘‘राहिले १४,७५०,’’ ती म्हणाली. ‘‘महिन्याला किती खेपा?’’

‘‘पाच तरी.’’

‘‘तीन दिवस नाळे नाळे करत बसला होता, ते धरून?’’

‘‘...तीन.’’

‘‘४४,२५०. हप्ता वजा. १०,८५३.’’ तिचं पेन्सिल चालवणं मला कधीच इतकं क्रूर वाटलं नव्हतं. विमा निघाला, नुसता तिसऱ्या पक्षाचाच वर्षाला ४३,९५०. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५००. दोन्हींना बारानं भागून तिनं वजा केले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. ५,८१६.

‘‘ह्यात टायर?’’

मी गप्प. टायर एक घेतला तरी वीस हजारांपुढं. म्हणजे साडेतीन महिने घरदार सोडून बंगळूर करायचं, तेव्हा एक टायर. दहा टायर बदलायला जवळपास तीन वर्षं. स्टेपनी वेगळी.

‘‘आणि ड्रायव्हरचा पगार कुठं लिहिलाय?’’

‘‘ड्रायव्हर मीच की.’’

‘‘म्हणून बिनपगारी?’’

मी शेवटचं अस्त्र काढलं. आयकर कायद्यात छोट्या ट्रकमालकांसाठी एक सोय आहे. दहापर्यंत गाड्या असणाऱ्यानं हिशेबाच्या वह्या ठेवायची गरज नाही. १२ टनांहून जड गाडी असेल तर टनामागे महिन्याला १,००० रुपये मिळाले, असं सरकारच धरून चालतं. दहाचाकी भरल्यावर साडेअठ्ठावीस टनांची. म्हणजे मी महिन्याला २८,५०० रुपये मिळवतो, असं खुद्द भारत सरकार मानायला तयार होतं. माझ्या कर्तबगारीवर इतका विश्वास आजवर सासऱ्यांनीही ठेवला नव्हता. आणि गाडी दारात उभी असली तरी सरकार मिळवती धरतं. मालकी असली की पुरे.

तिनं वहीत बघितलं. ‘‘सरकार २८,५०० धरतंय. हप्ता ३३,३९७. म्हणजे सरकारच्या विश्वासातूनही ४,८९७ कमी पडत्यात.’’

पडवीत आबा बसले होते. त्यांनी हयात बैलगाडीवर काढली. कारखान्याला ऊस वाहिला. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘बैल नुसता हुबा ऱ्हायला तरी श्यान देतो. ह्यो ट्रक हुबा ऱ्हायला तर काय देतो?’’

‘‘नोटीस,’’ आतून आवाज आला.

तरीही मी लगेच नाही म्हटलं नाही. आकड्यांनी माणूस थांबला असता तर महाराष्ट्रात एकही द्राक्षबाग उभी राहिली नसती. रस्त्यावर दिसणाऱ्या ट्रकवाल्यांत एक-दोन गाड्यांचे मालकच किती असतात, बघा. ही सगळी माणसं काही हिशेबात कच्ची नाहीत. त्या विजापूरकडच्याला मी विचारलं होतं, मग का करतोस? त्यानं भाताचं झाकण उचलून बघितलं, पुन्हा ठेवलं आणि म्हणाला, ‘‘इथं तीन दिवस बसलोय ना, ते माझ्या मर्जीनं बसलोय.’’ तेव्हा मला तो वेडा वाटला होता. आता रोज रात्री ते वाक्य उशाला येऊन बसू लागलं.

म्हणून मी तालीम करायचं ठरवलं. आठवडाभर नोकरी एसटीची, पण मनात धंदा स्वतःच्या ट्रकचा. मालक आणि चालक दोघंही एकाच अंगात नांदतात का ते बघू. पहिल्याच दिवशी भांडण लागलं. मुक्कामी गाडी घेऊन गेलो होतो. रात्री गावात पोचलो, पाटलांच्या घरून भाकरी आणि पातळ आमटी आली, चालक जेवून गाडीतच आडवा झाला.

‘‘झोपलास?’’ मालक म्हणाला.

‘‘साडेदहा वाजले.’’

‘‘रात्रीचा रस्ता मोकळा असतो. आता निघालास तर सकाळी नंबर लागेल.’’

‘‘सकाळपासून स्टेअरिंगवर आहे. कायद्यानं आठ तास.’’

मालकानं कायदा वाचलेला निघाला. तेव्हा लागू असलेला मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. ‘‘पण तो जिथं पाच किंवा जास्त कामगार आहेत तिथं. आपल्याकडे किती?’’

‘‘एक.’’

‘‘मग ऊठ.’’

‘‘भत्ता?’’

‘‘कुणाकडं मागतोस?’’

दुसऱ्या दिवशी चालकाचं डोकं दुखत होतं. त्याला रजा हवी होती. मालक म्हणाला, हप्ता तुझ्या डोक्याला विचारून येत नाही. तिसऱ्या दिवशी चालकानं चहाबरोबर वडा घेतला, तर मालकानं वड्याचे पैसे टायरमधून वजा केले. चौथ्या दिवशी चालक संपावर जायची भाषा करू लागला. मला एक संप पुरे झाला होता. पाचव्या दिवशी तर ते इतके बोलत होते की मागची घंटी मला ऐकूच आली नाही. एका थांब्यावर पाच माणसं चढायची राहिली आणि कंडक्टर पुढं येऊन म्हणाला, ‘‘दादा, सिंगल दिली होती की!’’

तेवीस वर्षांत पहिल्यांदा. मी गाडी मागं घेतली. एक आजोबा चढता चढता म्हणाले, ‘‘स्वतःची गाडी असल्यागत निघाला व्हय?’’

खंडेनवमी १ ऑक्टोबरला होती. योगायोग असा की नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला तो त्याच तारखेपासून बनणाऱ्या गाड्यांना. मेव्हण्यानं सकाळी सकाळी फोन करून ही बातमी दिली. आमची जुनी मासळीवाली त्यात बसत नव्हती, पण बातमी देण्यात तो कधी हयगय करत नाही. दलाल म्हणत होता, आजच्या मुहूर्ताला बयाणा द्या. बयाण्याचे एकवीस हजार मी पाकिटात घालून डेपोत गेलो. तिथं गाड्या धुतल्या होत्या. झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, वर्कशॉपच्या पान्यांना हळदकुंकू. माझ्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. एका पत्र्याला गंज आहे, वायपर एकच चालतो, ड्रायव्हरची सीट स्प्रिंगच्या मर्जीवर आहे. पण ही गाडी उभी राहिली तर वर्कशॉप बघतं. टायर गेला तर दुसरा येतो, कुठून येतो ते मी विचारत नाही. मला अचानक तिच्याविषयी फार माया वाटली. आपली नसलेल्या वस्तूविषयी वाटते, तशी निश्चिंत माया.

मालक कुरकुरला. मी त्याला प्रसाद दिला.

पाकीट संध्याकाळी घरी आलं तसंच. मी ते वहीवर ठेवलं. तिनं एकवीस हजार दोनदा मोजले आणि गटाच्या पेटीत न टाकता स्वतःच्या डब्यात टाकले. त्यावर मी काही बोललो नाही. मालक आता घरात एकच होता.

मासळीवाली तिसऱ्या दिवशी कुणीतरी घेतली. पुढं एकदा पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला ती मला दिसली. डाव्या कडेला, मागच्या चाकांखाली दगड, बॉनेटमधून वाफ. एक माणूस कॅन घेऊन उभा होता. मागच्या फळीवर ताज्या रंगात, पिवळ्यावर लाल, त्याच्या दोन्ही पोरांची नावं लिहिलेली. मी गाडी हळू केली. मागून कंडक्टर काय झालं म्हणून विचारायला लागला. मी आमच्या गाडीतला पाण्याचा कॅन खिडकीतून त्याला दिला. त्यानं घेतला, हात वर केला, आणि मला वाटतं, हसला. डबल बेल पडली. मी निघालो. आरशात तो बराच वेळ दिसत होता. कॅन परत मिळाला नाही, त्याचा जबाब मला अजून द्यायचा आहे.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री फोन वाजला. तोच दलाल.

‘‘पावणं, दिवाळीच्या शुभेच्छा. एक आयशर आलीय. सहाचाकी. छोटी. दारात लावण्याजोगी. मालक परदेशात चाललाय, कवडीमोलानं देतोय. एकहाती गाडी.’’

‘‘नको हो,’’ मी म्हटलं. ‘‘आम्ही तो विचार सोडला.’’

‘‘बघायला काय पैसे पडत्यात व्हय?’’

ते खरं होतं. बघायला पैसे पडत नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकली, फोन कानाशी घट्ट धरला आणि आवाज खाली आणला.

‘‘टायर किती टक्के आहेत?’’

आत चकल्या तळणं चालू होतं. कढईच्या काठावर झारा आपटल्याचा आवाज आला. एकदाच.